शिकार, मागणं आणि वाघूर

एरंडोलच्या एका वाचकाने विचारलं आहे: 'पोटासाठी ससा-तितर मारणारा आणि हौसेखातर बंदूक घेऊन रानात जाणारा, दोघांनाही आपण शिकारीच म्हणतो. मराठीत या दोन गोष्टींना वेगळे शब्द नाहीत का? आणि मृगया म्हणजे फक्त हरणाची शिकार का?'

प्रश्न उत्तम आहे. पण उत्तराआधी एका चुकीचा निकाल लावतो, कारण ती रोज कानावर येते. 'तरुण ऑनलाइन फसवणुकीचा शिकार झाला.' मराठीत शिकार स्त्रीलिंगी आहे. ती शिकार. 'फसवणुकीचा शिकार' म्हणणाऱ्याने हिंदीतलं 'शिकार होना' लिंगासकट उचलून आणलेलं असतं. आपल्याकडे माणूस फसवणुकीला बळी पडतो, अपघातात सापडतो, आजाराच्या तावडीत जातो. इतकी क्रियापदं असताना ही उसनवारी कशाला? तशीच दुसरी चूक वाहिन्यांवरची: 'बिबट्या शिकार खेळताना कॅमेऱ्यात कैद.' बिबट्या शिकार खेळत नाही हो. बिबट्या शिकार करतो.

आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. नाम एक असलं तरी मराठीने क्रियापदं दोन ठेवली आहेत. राजे शिकार खेळायचे, संस्थानिक खेळायचे, साहेब खेळायचे. वाघ, लांडगा, ससाणा हे मात्र शिकार करतात. जिथे कर्त्याच्या जागी वाघ बसवून वाक्य कानाला खटकत नाही, तिथे भूक आहे. जिथे खटकतं, तिथे हौस आहे. ही कसोटी कुठल्या व्याकरणात दिलेली नाही, पण लावून पाहा. आमच्याकडे अहिराणीत म्हातारी माणसं सरळच सांगायची: 'पोटनी शिकार येगळी, हौसनी येगळी.' भाषेला हा फरक ठाऊक आहे. आपण बातम्या लिहिताना तो पुसून टाकतो.

शिकार हा शब्द फारशी. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही, एवढंच की कुमाऊंकडच्या पहाडात शिकार म्हणजे चक्क मटण. ताटात वाढतात ती शिकार. तिथे शब्द रानातून स्वयंपाकघरात गेला, आपल्याकडे तो दरबारात जाऊन बसला.

मृगया म्हणजे हरणाची शिकार, हे मात्र साफ चूक. सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग, म्हणजे मृग हा कुठलाही रानातला प्राणी, हे शाळेत शिकलेलं असतं, त्यावर वेळ घालवत नाही. (इराणात हाच शब्द पाखरांवर स्थिरावला आणि 'मुर्ग' झाला. हॉटेलातल्या पाटीवरचा मुर्ग आणि रानातला मृग एका घरचे.) खरी गंमत मृग् या धातूत आहे. त्याचा अर्थ शोधणं, पाठलाग करणं, आणि मागणं. जनावर शोधत जायची ती वाट म्हणजे मार्ग. मार्गण या शब्दाचे संस्कृत कोशात दोन अर्थ शेजारी शेजारी आहेत: बाण आणि याचक. बाणही काहीतरी शोधत जातो, याचकही.

आता मराठीत या. माग काढणं, मागोवा घेणं, मागे लागणं, मागमूस नसणं हे सगळं जनावराच्या पावलांवरून चालत आलेलं आहे. आणि मागणं, म्हणजे हात पुढे करून मागणं, हेही त्याच घरचं: संस्कृत मार्गति, प्राकृत मग्गइ, मराठी मागणे. रोज शेजारणीकडे विरजण मागणाऱ्या बाईच्या तोंडात पारध्याचं क्रियापद आहे. मला हे कळलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. उपाशी माणूस रानात जातो तो मागायला जातो. रान देईल तर घेईल, न देईल तर रिकाम्या हाताने परत येईल. नवापूरकडच्या गावांतून आजही वाघदेवाची पूजा होते. तीत वाघाकडे मागणं मागतात, त्याचं कातडं नाही. हौशी शिकाऱ्याला मागायचं काहीच नसतं, त्याचं घर भरलेलं असतं. म्हणून तर तो खेळतो. मृगयेला कामातून, म्हणजे इच्छेतून, उपजणाऱ्या व्यसनांच्या यादीत मनुस्मृतीने पहिलं स्थान दिलं, जुगाराच्याही आधी, ते राजासाठी. उपाशी माणसाला कोणी व्यसनी म्हटलेलं नाही.

पारध या शब्दाबद्दल मात्र मला एका फार मोठ्या माणसाशी भांडायचं आहे. बाराव्या शतकातले गुजरातचे जैन पंडित हेमचंद्राचार्य. त्यांच्या प्राकृत व्याकरणात या एका शब्दासाठी एक अख्खं सूत्र आहे: 'पापर्द्धौ रः'. म्हणजे मूळ शब्द पापर्द्धि, पापाची ऋद्धी, पापाची भरभराट. त्यातल्या मधल्या 'प'चा 'र' झाला आणि पारद्धि तयार झाला. त्यावरून आपली पारध. ही व्युत्पत्ती पुढे लोक डोळे मिटून देत आले. आचार्यांविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणतो, हे पटत नाही. दोन स्वरांमधल्या 'प'चा प्राकृतात 'व' होतो, आणि हे चार सूत्रं आधी आचार्यांनीच सांगितलं आहे. पापाचं पाव होतं. मग पावद्धि का नाही झाला? 'प'चा 'र' करायला एका शब्दापुरतं वेगळं सूत्र लिहावं लागतं, तेव्हा ओढाताण सूत्रकाराची असते, शब्दाची नसते. मला दिसतं ते असं: पारद्धि हा लोकांच्या तोंडचा शब्द आधीपासून होता. अहिंसेचं व्रत घेतलेल्या पंडितांनी त्याला संस्कृत कपडे चढवले आणि कपड्यांच्या आत पाप शिवून टाकलं. मूळ मी प्रारब्धाजवळ शोधतो. प्रारब्धचं प्राकृत पारद्ध, हे कुठलंही खास सूत्र न मागता सरळ होतं. प्रारब्ध म्हणजे आरंभलेलं, हाती घेतलेलं काम.

यात मला एवढा जोर का येतो? कारण या शब्दावरून एका समाजाचं नाव पडलं. फासे लावून तितर, लाव्हे धरणारे फासेपारधी, शिकवलेल्या गाईच्या आडून सावजाजवळ जाणारे गायपारधी. ज्यांचा धंदा हाच त्यांचा घास होता, त्यांच्या नावाचा अर्थ 'पापाची भरभराट' असा सांगायचा? १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या यादीत पुढे पारधीही आले. तो शिक्का कायद्याने १९५२ साली पुसला, लोकांच्या बोलण्यातून अजून पुसलेला नाही. आणि ज्या काळात फासा लावणारा गुन्हेगार ठरला, त्याच काळात परवाना घेऊन वाघ मारणाऱ्याच्या भिंतीवर मुंडकी चढत होती. तुमच्या एरंडोलशेजारी धरणगावलाच पाहा. १८२५ साली भिल्ल पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी औट्रम वाघांच्या शिकारीसाठी नावाजला गेला. माग काढायला भिल्ल बरोबर, नाव साहेबाचं.

आता त्या शब्दाकडे येतो ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं.

वाघूर. जळगाव शहर जिचं पाणी पितं ती आपली नदी. अजिंठ्याच्या डोंगरात उगम, लेण्यांच्या पायथ्याशी घोड्याच्या नालेसारखं वळण, मग पहूर, साकेगाव करत तापीत. कोणालाही विचारा, नाव का पडलं? 'वाघ पाण्यावर यायचे म्हणून.' शिक्षक हेच सांगतात, वाटाडे हेच सांगतात. पुराव्याला जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची गोष्ट तयार असते: १८१९ च्या एप्रिलमध्ये तो वाघाच्या शिकारीला म्हणून या खोऱ्यात आला, त्याला लेणी दिसली, आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने स्वतःचं नाव कोरून ठेवलं. म्हणजे वाघ होते. होतेच. वाघ तर सातपुड्याच्या प्रत्येक नाल्यावर होते. मग प्रत्येक नाला वाघूर का नाही झाला?

वाघूर हा मराठीत स्वतंत्र शब्द आहे. संस्कृत वागुरा, प्राकृत वग्गुरा, मराठी वागुर, वाघूर. अर्थ: जनावरं धरायचं जाळं. वागुरा लावणारा तो वागुरिक, आणि गुजरातेतल्या वाघरी समाजाचं नाव त्याच्यावरूनच सांगतात, वाघावरून नव्हे. धनगरांच्या वाड्यावर रात्री मेंढरांभोवती जी जाळी उभी करतात तिलाही वाघूर म्हणतात, कुठे वाघर. पकडायचं जाळं राखण करायला लागलं, नाव तेच राहिलं.

वाघापासून वाघूर करायचा तर तो 'ऊर' कुठून आणणार? गावांच्या नावात 'पूर' झिजून 'ऊर' होतो, हे खरं. पण नदीला कोणी पूर नाव देत नाही, पूर तिला येतो. जाळं धरलं की सगळं जागेवर बसतं. शब्दही स्त्रीलिंगी, नदीही स्त्रीलिंगी. 'ग'चा 'घ' झाला तो शेजारच्या वाघाच्या ओढीने, आणि अशी ओढ भाषेत पावलोपावली दिसते. आता जागा पाहा. तीन बाजूंनी उभा कडा, एकच तोंड, आत पाणी. उन्हाळ्यात तहानलेलं जनावर आत शिरलं की बाहेर यायला तेवढाच मार्ग. जाळं लावणाऱ्या माणसाने ही जागा पाहिली तर तो तिला दुसरं काय म्हणेल? ती दरीच एक वाघूर आहे. अजिंठ्याकडे पाटीवर 'वाघोरा' लिहितात, ते त्याच शब्दाचं पुढचं रूप असावं असं मला वाटतं. वाघवाले याच्यावर बोट ठेवतात. ठेवू देत. त्यांनी आधी त्या 'ऊर'चा हिशेब द्यावा.

आणि हे मान्य केलं की त्या दरीचा अर्थच बदलतो. स्मिथचं नाव खांबावर राहिलं, बंदुकीच्या हौसेचं नाव. नदीला मात्र नाव दिलं ते जाळं घेऊन येणाऱ्या, घरी पोरं उपाशी असलेल्या कोणा अनाम माणसाने. त्याच लेण्यांत, सतराव्यात, शरभ जातक रंगवलेलं आहे: मृगयेला निघालेला राजा खड्ड्यात पडतो, आणि ज्याच्या मागे लागला होता तो शरभच त्याला वर काढतो. चित्रकाराने राजाला खड्ड्यात घातलं. वागुरिकाला नाही.

कायद्याचं म्हणाल, तर तिथे पोट आणि हौस असा भेद नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मारणं, फासा लावणं, विष घालणं, हाकारणं, अंडी फोडणं, सगळं शिकारच. रानात आता उरलंय किती, ते पाहता कायदा असाच हवा, या मताचा मी आहे. आज पोटाचं कारण सांगून घोरपड मारणाऱ्याचीही मी बाजू घेणार नाही. पण हे लक्षात ठेवा की त्याच कायद्यात १९९१ पर्यंत परवाना काढून शिकार खेळायची सोय होती.  'चोरटी शिकार' हा शब्दही इंग्रजीची छाया आहे. रान जमीनदाराचं, म्हणून ससा त्याचा, म्हणून मारणारा चोर, हा तिकडचा हिशेब. आपल्याकडे मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरल्यापासून तो शब्द कायद्याला जुळतो खरा. तरी तितरासाठी फासा लावणाऱ्याला 'चोरटा शिकारी' आणि जिपेतून काळवीट मारणाऱ्याला 'शिकारीचा शौकीन' असं एकाच पानावर छापलेलं मी वाचलं आहे. हे उलटं छापायला हवं होतं.

केळीच्या बागेत रानडुकरं शिरली, हरभऱ्यात रोही उतरले, आणि त्यासाठी वनखात्याकडून रीतसर परवानगी काढून कोणी जनावर मारलं, तर ती ना पोटाची ना हौसेची. तिला राखण म्हणा. जुना, आपला शब्द आहे.

तेव्हा एरंडोलच्या वाचकांनो, वेगळा शब्द हवाच असेल तर पोटासाठी पारध म्हणा आणि हौसेसाठी मृगया. शिकार लिहायची तर करणे आणि खेळणे यांत गल्लत करू नका.

आणि पहूर, जामनेर, साकेगाव भागातल्या कोणाच्या घरी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल, तर त्यांना एवढं विचारून कळवा: ससे किंवा हरणं धरायच्या जाळ्याला तुमच्याकडे काय म्हणायचे? प्रश्न विचारताना नदीचं नाव घेऊ नका. त्यांच्या तोंडून शब्द आपणहून आला तरच तो मला उपयोगी आहे.