घरात मराठी आणि गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) दोन्ही बोलतात. मुलगा २२ महिन्यांचा झाला तरी मोजकेच शब्द बोलतो. एक भाषा बंद करावी का?

ताई, बंद करू नका. आजीची तर मुळीच नको.

तुम्ही लिहिलंय की सासू-सासरे मुलाशी गोरमाटीत बोलतात, तुम्ही मराठीत आणि त्याचे बाबा जसं तोंडात येईल तसं. तुम्ही मोजले तेव्हा बारा-पंधरा शब्द भरले. वजन १०.४ किलो, खाण्याची कटकट. वरून शेजारीण म्हणते, "दोन भाषेनं पोट्ट्याचं डोकं चक्रावते." मी यवतमाळ जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडे गावातली लेकरं येतात तशी तांड्यावरचीही येतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे कायमच असतो. मी डॉक्टर नाही. पण प्रशिक्षणात जे शिकवलं आणि रोज समोर जे दिसतं, त्यावरून सांगते.

आधी मोजणी नीट करू. ते बारा-पंधरा शब्द कोणत्या भाषेतले? माझा अंदाज आहे की तुम्ही तुमच्यासमोर निघालेले मराठी शब्दच मोजले असतील. दिवसभर तो आजीजवळ काय बोलतो, ते कोणी लिहिलंय का? दोन भाषांत वाढणाऱ्या लेकराचे शब्द दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे असतात. तो तुम्हाला भाकर मागतो आणि आजीला बाटी मागतो, तर हे दोन शब्द झाले. 'हम्मा', 'भू-भू', 'मम्मम' हेही धरा. अट एवढीच, की दर वेळी तो त्याच गोष्टीसाठी तेच म्हणत असला पाहिजे. उच्चार बोबडा असला तरी चालतो. स्वयंपाकघराच्या भिंतीला कागद लावा. सासूबाईंना लिहिता येत नसेल तर त्यांनी संध्याकाळी सांगावं आणि तुम्ही टिपून घ्यावं. आठवडाभरात खरा आकडा कळेल.

आता काय असायला हवं ते बघा. पहिला अर्थपूर्ण शब्द साधारण वर्षाच्या आसपास येतो. दोन वर्षांपर्यंत बहुतेक लेकरं दोन शब्द जोडू लागतात, 'बाबा गेले', 'पाणी दे' असं. त्या सुमारास पन्नासेक शब्द असतात, पण कुणाचे कमी, कुणाचे कितीतरी जास्त. दोन भाषांच्या लेकरालाही हेच मोजमाप लागू आहे, फक्त दोन्ही भाषा एकत्र धरून. जोडलेले शब्द दोन भाषांचे असले तरी चालतात. आमच्याकडच्या एका पोरीचं पहिलं वाक्य "याडी, भाकर दे" असं होतं. 'याडी' म्हणजे आई, तेवढा शब्द गोरमाटीतला, बाकी सगळं मराठी. तिची माय ओशाळून म्हणाली, "पाहा ना मॅडम, खिचडी करून टाकते." मी म्हटलं, अवो बाई, पोट्टीनं वाक्य जोडलं, आता पेढे वाटा! अशी सरमिसळ हा काही दोष नाही. जो शब्द आधी हाताशी येतो तो लेकरू वापरतं. मोठी माणसं तरी काय वेगळं करतात? आपणही 'मोबाईलची बॅटरी लो झाली' म्हणतोच की.

आणि लेकरं चक्रावत नाहीत, उलट फार लवकर माणसं ओळखतात. खिचडी वाढताना मी हे कितीदा तरी पाहिलंय. तांड्यावरचं दोन वर्षांचं लेकरू आजीच्या कडेवर असतं, तेव्हा आजीकडे तोंड करून गोरमाटीत काहीतरी कुरकुरतं. मग मान वळवून माझ्याकडे बघतं आणि मराठीत म्हणतं, "अजून." गोरमाटी तरी राजस्थानीच्या जवळची, म्हणजे मराठीची चुलत बहीणच. आमच्या जिल्ह्यातली कोलामी आणि गडचिरोलीकडची गोंडी या द्राविडी कुळातल्या, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. त्यांचा मराठीशी काही मेळ नाही, तरी तिथली लेकरंही दोन्ही बोलतात.

शेजारणीच्या त्या वाक्यानं नुकसान मात्र दोन बाजूंनी होतं. काही घरांत ते ऐकून आजीचं तोंड बंद करतात. आणि काही घरांत त्याच वाक्याचा आधार घेऊन गप्प बसतात: "दोन भाषा आहेत, उशीर होणारच. याच्या बापालेही तीन वर्षांनी वाचा फुटली होती." हे दुसरं जास्त वाईट. दोन भाषांमुळे वाचेचा दोष तयार होत नाही. म्हणूनच, खरंच उशीर दिसत असेल तर त्याचा दोष भाषांवर टाकून थांबून राहणंही चुकीचं. कारण दुसरीकडे शोधायचं, आणि सगळ्यात आधी कानात.

घरी एक गोष्ट करून बघा. तो खेळात रमलेला असताना मागून, त्याला दिसणार नाही असं उभं राहून, हळू आवाजात त्याचं नाव घ्या. ताट वाजवू नका, टाळी वाजवू नका. ते मोठे आवाज कमी ऐकणाऱ्या लेकरालाही कळतात, आणि घरचे समाधानानं म्हणतात की ऐकू तर येतं. मग सासूबाईंना गोरमाटीत एखादं काम सांगायला लावा, हातानं खूण न करता, जसं 'चप्पल घेऊन ये'. तेच दुसऱ्या दिवशी तुम्ही मराठीत सांगा. दोन्हीकडे समजून करत असेल तर माझी निम्मी काळजी गेली. ट्रॅक्टर, बैल, चांदोबा दिसला की बोट दाखवून तुमच्याकडे वळून बघतो का, हेही पाहा. बोट दाखवणं हेही बोलणंच आहे. पण घरच्या या तपासणीवर सगळं सोडू नका, कानाची खरी तपासणी यंत्रावर होते. सर्दीनंतर कानात पाणी साचून काही दिवस ऐकू कमी येतं, आणि ते वरून दिसत नाही. आपल्याकडे न्हाऊ घालताना कानात तेल सोडायची सवय अजून गेलेली नाही. ती तेवढी बंद करा.

जिभेला वेखंड उगाळून लावलं किंवा 'जीभ चिकटलेली आहे' म्हणून कुणाकडून कापून आणली, तर शब्द येत नाहीत. जिभेच्या बांधणीनं काही उच्चार अडू शकतात, पण त्यामुळे लेकरू बोलायला लागतच नाही असं होत नाही.

आता सासूबाईंचं. सोयाबीनची सोंगणी, मग कापूस वेचणी, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे तुम्ही सकाळपासून शेतात. त्या तासांत मुलगा कुणाजवळ असतो? त्यांच्याजवळच ना? त्यांना मराठी बोलायला लावलं तर काय होतं ते मी बघितलंय. "बस." "खाय." "नको करू." एवढ्यावर त्यांचं बोलणं आटपतं, कारण मराठीत त्यांना मनातलं सांगता येत नाही. तीच बाई गोरमाटीत नातवाला शेळी का रुसली, मामा कधी येणार, पोहरादेवीच्या यात्रेत काय काय पाहिलं, हे बोलता बोलता भाजी निवडून संपवते. लेकराला भाषा मिळते ती अशा गप्पांतून, समोरच्यानं त्याच्या 'उं'लाही उत्तर दिल्यातून. मोडक्या मराठीतल्या चार हुकमांपेक्षा भरघोस गोरमाटी केव्हाही बरी. मराठीची चिंता करू नका. ती तुमच्याकडून, अंगणवाडीतून, दुकानातून, पुढे शाळेतून येणारच आहे. तांड्यावर आता धोका आहे तो गोरमाटी मागे पडण्याचा.

काही बंद करायचंच असेल तर मोबाईल करा. जेवताना मोबाईल दिला की घास पटापट जातात, हे मलाही माहीत आहे. पण इंग्रजी गाण्यांतले रंग म्हणून दाखवणारं आणि तहान लागली तर नुसतं रडणारं लेकरू मी पाहिलंय. मोबाईल त्याच्या बोलण्याला उत्तर देत नाही. भारतातले बालरोगतज्ज्ञ दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला, तोही कमी असेल तितका चांगला.

वजनाचं थोडक्यात: या वयाच्या मुलाला १०.४ किलो हे मधल्या रेषेखाली असलं तरी हिरव्या पट्ट्यातच येतं. एका आकड्यापेक्षा कार्डावरची रेघ वर चढतेय का ते बघा. दुसऱ्या वर्षी वाढीचा वेग पहिल्या वर्षापेक्षा बराच कमी होतो, म्हणून भूकही कमी वाटते. सलग दोन-तीन महिने रेघ सपाट राहिली तर मात्र सेविकेला दाखवा. जंताची गोळी आणि जीवनसत्त्व अ चा डोस राहिला असेल तर तोही विचारून घ्या.

आता कुठे जायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तपासणी मोफत असते. पुढची तारीख सेविकेला किंवा सिस्टरला विचारा. पण दोन वर्षं पूर्ण होऊनही दोन्ही भाषा मिळून शब्द जुळत नसतील, किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा बोट दाखवत नसेल, तर पथकाची वाट बघत बसू नका. थेट सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा विभागात जा. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे. आणि आधी बोलत असलेले शब्द बोलायचं सोडून दिलं असेल, तर त्याच आठवड्यात जा, मग वय काहीही असो. वाचा-उपचार लागला तरी घरची भाषा सोडावी लागत नाही. कोणी तसं सुचवलं तर सरळ विचारा, दिवसभर लेकराजवळ असणारी आजी मग त्याच्याशी कशात बोलणार?

जाताना भिंतीवरचा तो कागद, लसीकरणाचं कार्ड आणि जमलं तर सासूबाईंना सोबत न्या. डॉक्टर विचारतील की तो काय काय बोलतो, आणि त्यातलं निम्मं सासूबाईंनाच माहीत असेल.