फ्लू, कोविड की आरएसव्ही? कॅज्युअल्टीत डॉक्टर नक्की काय बघतात

प्रश्न: डॉक्टर, जुलैत सासऱ्यांना (वय 68, शुगर आहे) ताप आणि धाप लागली म्हणून रात्री एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. नाकात काडी घालून टेस्ट केली, निगेटिव्ह आली, तरी टॅमीफ्लू (फ्लूची गोळी) चालू केली आणि वेगळ्या रूममध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टेस्टमध्ये फ्लू निघाला. तिथेच एका कोविडच्या पेशंटला स्टिरॉइड चालू होतं, ह्यांना मात्र दिलं नाही. नणंद म्हणते नुसते अंदाज चालले होते, बिल वाढवायला. लक्षणांवरून कळत नाही का कुठला व्हायरस ते? – एक सूनबाई, सांगली

उत्तर: नाही कळत ताई. खरंच नाही कळत, मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही नाही. ताप, खोकला, घसा, अंगदुखी, गळाठा, ही यादी सगळ्यांची जवळपास एकच. पुस्तकात फरक दिलेत, म्हणजे फ्लू अचानक येतो, सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी अंथरुणात, लागण झाल्यापासून 1 ते 4 दिवसांत. आरएसव्ही, म्हणजे लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जास्त त्रास देणारा सर्दी-खोकल्याचा व्हायरस, आधी नाकात आणि मग हळूहळू छातीत उतरतो, त्याला 4 ते 6 दिवस लागतात. कोविडला 2 ते 14. वास जाणं ही 2020 मध्ये कोविडची चांगली खूण होती, ओमायक्रॉननंतर ती पण फारशी राहिली नाही. आणि म्हाताऱ्या माणसांत तर तापसुद्धा धड येत नाही, नुसती धाप नाहीतर भ्रमिष्टासारखं बोलणं.

म्हणून कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न "कुठला व्हायरस" हा नसतोच. ऑक्सिजन किती, मिनिटाला श्वास किती, बीपी किती, माणूस भानावर आहे का, हे आधी. ऑक्सिजन 94 च्या खाली जायला लागला की आम्ही नावाची वाट बघत बसत नाही. शिवाय धाप म्हणजे व्हायरसच असं कुठाय, शुगरवाल्यांचा हार्ट अटॅक कधीकधी छातीत न दुखता नुसती धाप घेऊन येतो, साधा जंतूंचा न्यूमोनिया असतो, आणि जुलै म्हणजे डेंगूपण असतोच, फक्त डेंगूत सहसा नाक गळत नाही. त्यामुळे ईसीजी, एक्स-रे, रक्त हे सगळं त्या पहिल्या तासात होतं, आणि नातेवाईकांना वाटतं की उगाच टेस्टा करतायत.

आता ती निगेटिव्ह टेस्ट. ती बहुतेक रॅपिड असणार, पंधरा-वीस मिनिटांत होते ती. फ्लू असलेल्या 100 जणांतल्या साधारण 50 ते 70 जणांनाच ती पकडते, बाकीचे निसटतात. पॉझिटिव्ह आली तर बऱ्यापैकी विश्वास ठेवायचा, निगेटिव्हवर मात्र नाही, निदान एवढ्या आजारी माणसात तरी नाही. नंतरची आरटी-पीसीआर असेल, ती भरवशाची पण तिला वेळ लागतो, आणि टॅमीफ्लूचा खरा फायदा पहिल्या 48 तासांत. मग काय करणार? आधी औषध, मागून रिपोर्ट. 2009 च्या स्वाइन फ्लूत, पुण्यातला तो ऑगस्ट आठवत असेल, केंद्राच्या आरोग्य खात्याने पेशंटचे ए, बी, सी असे गट पाडले होते, आणि धाप लागलेला, बीपी पडलेला, ग्लानीतला सी गटातला पेशंट लगेच अ‍ॅडमिट, लगेच औषध, असंच सांगितलं होतं. तुमचे सासरे त्याच गटातले.

वेगळी रूम अशासाठी की फ्लूचा पेशंट कोविडवाल्याशेजारी टाकला तर दोघांना दोन्ही व्हायचं.

आणि स्टिरॉइड, इथे नाव कळणं खरं महत्त्वाचं. ज्या कोविड पेशंटना ऑक्सिजन लागतो त्यांचे जीव डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने वाचतात हे 2020 च्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, ऑक्सिजन लागत नसलेल्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. फ्लूत उलटं, स्टिरॉइड दिलेल्यांचं जास्त बिघडताना दिसलंय, म्हणून दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असं दुसरं कारण नसेल तर देत नाहीत. त्यात शुगर, ती स्टिरॉइडने आणखी वाढते. 2021 मध्ये आपल्याकडे अशाच पेशंटांत म्युकरने (काळ्या बुरशीने) काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. शेजारच्याला दिलं ते ह्यांना दिलं नाही यात माझ्या मते त्या डॉक्टरांचं कौतुकच करायला हवं. बिलाचं मी काय सांगणार, आयटमवार बिल मागा, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न: मुलगी 7 महिन्यांची. आरएसव्ही निघाला. दोन दिवस ऑक्सिजन आणि नाक साफ करणं, बाकी औषध काहीच नाही! अँटिबायोटिक द्यायला नको होतं का? – एक बाबा, नाशिक

उत्तर: नको होतं. आरएसव्हीवर मारा करणारं रोजच्या वापरातलं औषध नाही, आणि अँटिबायोटिक व्हायरसला लागत नाही. बाळाच्या बारीक श्वासनळ्या सुजून चिकट्याने भरतात, मग ऑक्सिजन, सलाइनचे थेंब टाकून नाक ओढणं, दूध पीत नसेल तर नळीने किंवा सलाइनने पाणी, एवढीच ट्रीटमेंट आणि तीच बरोबर. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला हा एकदा होऊन जातो. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास होतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून निर्धास्त होऊ नका. या वयात मिनिटाला 50 किंवा जास्त श्वास, बरगड्यांखाली खड्डा पडणं, दूध निम्म्यावर येणं, ओठ निळसर, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. आणि मोठ्यांची उरलेली कफ सिरप बाळाला अजिबात पाजू नका, आजी कितीही म्हणाली तरी.

प्रश्न: खोकला जात नाहीये, एचएमपीव्ही असेल का? तो नवीन व्हायरस ना? – एक कॉलेजकुमार, लातूर

उत्तर: नवीन कसला, सर्दी-खोकल्याचाच एक व्हायरस तो, 2001 मध्ये नेदरलँड्समध्ये सापडला, माणसांत त्याच्या कितीतरी आधीपासून फिरतोय. जानेवारी 2025 मध्ये टीव्हीवाल्यांनी घाबरवलं एवढंच. तुझ्या वयात आराम, पाणी, पॅरासिटामॉल, बास. टेस्ट करून नाव कळलं तरी ट्रीटमेंट बदलणार नाही, पैसे वाचव. खोकल्याला दोन आठवडे झाले असतील तर मात्र व्हायरसचा विषय सोड आणि थुंकी तपासून घे, टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.