पाचूतले तेल आणि पावतीतली रत्ती

(वाचकांचे प्रश्न. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे पाचूविषयीची असल्यामुळे हा अंक त्यालाच दिला आहे.)

प्रश्न : मुलीच्या साखरपुड्यासाठी पाचूची अंगठी करायची आहे. सराफ बाजारातल्या एका पेढीवर दाखवलेल्या खड्यात बारीक रेषा आणि धुरकट ठिपके दिसतात. दुसऱ्या एका दुकानातला तेवढाच खडा मात्र काचेसारखा स्वच्छ आहे आणि निम्म्या किमतीत मिळतो आहे. घरच्यांचे मत स्वच्छ खड्याकडे झुकते आहे. आपला सल्ला काय? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : हिऱ्याच्या बाबतीत आपल्या घरच्यांचे मत ग्राह्य धरता आले असते, पाचूच्या बाबतीत मात्र स्वच्छ, मोठा, गडद आणि स्वस्त हे चारही गुण एकाच खड्यात एकवटले असतील, तर आनंदापेक्षा शंका यायला हवी.

पाचू हा बेरिल या खनिजाचा हिरवा प्रकार आहे. त्याचा हिरवेपणा क्रोमियममुळे आणि काही खाणींत व्हॅनेडियममुळे येतो. बेरिलियम आणि क्रोमियम ही मूलद्रव्ये एरवी निरनिराळ्या जातींच्या खडकांत राहणारी आहेत. भूगर्भातल्या उलथापालथीत ती एकत्र आली तरच पाचू तयार होतो, आणि अशा धामधुमीत वाढलेल्या स्फटिकात भेगा, द्रवाचे थेंब आणि इतर खनिजांचे कण अडकणे जवळजवळ अटळ असते. फ्रेंच जवाहिरे या आतल्या नक्षीला ‘बाग’ म्हणतात. तेव्हा पहिल्या पेढीवर आपल्याला जे दिसले, तो दोष असलाच तरी पाचूच्या कुळाचा दोष आहे. पृष्ठभागापर्यंत आलेली आणि खडा दुभंगू शकेल अशी मोठी भेग तेवढी टाळावी.

दुसऱ्या दुकानातल्या खड्याबाबत तीन शक्यता संभवतात. तो काच असू शकेल. भिंगाखाली काचेत गोल बुडबुडे दिसतात आणि पैलूंच्या कडा लवकर झिजतात. तो प्रयोगशाळेत वाढवलेला पाचू असू शकेल. त्याची रासायनिक घडण खाणीतल्या पाचूसारखीच असते, त्यामुळे तो घेण्यात गैर काही नाही, मात्र तसे सांगून आणि प्रयोगशाळेतल्या पाचूच्याच भावात विकला गेला पाहिजे. तिसरी शक्यता भेगा बुजवलेल्या नैसर्गिक पाचूची आहे, आणि खरी मेख इथेच आहे. खाणीतून निघालेल्या बहुतेक पाचूंच्या भेगांत तेल भरले जाते. रंगहीन देवदार तेल भरण्याची पद्धत जुनी असून व्यापारात ती मान्य आहे. त्याऐवजी कृत्रिम राळ भरली, तर कालांतराने ती पिवळट किंवा पांढुरकी पडू शकते, आणि हिरवा रंग मिसळलेले ‘जोबन’ तेल भरले, तर आपण खड्याच्या नव्हे, तेलाच्या रंगाचे पैसे मोजतो. म्हणून “खडा असली आहे का?” एवढेच विचारून थांबू नये, “यात काय भरले आहे आणि किती?” हेही विचारावे.

या प्रश्नाचे उत्तर दुकानातल्या गप्पांत नव्हे, तपासणी अहवालात मिळते. भेगा किती भरल्या आहेत हे प्रयोगशाळा किरकोळ, मध्यम किंवा ठळक अशा श्रेणीत नोंदवतात. सारख्याच रंगाच्या दोन खड्यांच्या भावात या एका शब्दाने मोठा फरक पडतो. मुंबईतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया किंवा जयपूरची आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) यांसारख्या स्वतंत्र ठिकाणचा अहवाल मागावा. दुकानाने स्वतःच छापलेले कार्ड म्हणजे अहवाल नव्हे. काही विक्रेते चेल्सी फिल्टर (खडे पारखण्याची रंगीत काच) डोळ्याला लावून लाल झळाळी दाखवतात आणि तीच खरेपणाची खूण असल्याचे सांगतात. १९३४ साली लंडनमध्ये तयार झालेले हे साधन उपयोगी आहे, पण झळाळी दाखवणारा घटक क्रोमियम आहे, आणि कृत्रिम पाचूतही क्रोमियम असतेच. किंबहुना कृत्रिम पाचू बऱ्याचदा अधिक लाल दिसतो, तर लोह असलेले झांबियाचे किंवा भारतीय अस्सल खडे हिरवेच राहतात.

कोलंबियाच्या मुझो खाणीचे नाव घेऊन भाव चढवण्याची रीत सर्वत्र आहे. खाणीचे नाव अहवालात असेल तरच त्याचे पैसे द्यावेत. माझे मत विचाराल, तर उत्तम रंगाचा झांबियाचा खडा मध्यम रंगाच्या कोलंबियन खड्यापेक्षा केव्हाही सरस. पाहताना खडा सुटा पाहावा आणि दुकानाच्या दिव्याखाली न पाहता दारापाशी दिवसाच्या उजेडात पाहावा. मागून बंद असलेल्या कोंदणात खाली डाक, म्हणजे चकचकीत पातळ पत्रा, लावलेली असू शकते, आणि मग फिक्या खड्यालाही रंग चढतो. आधी सुटा खडा, मग अहवाल आणि त्यानंतर कोंदण, हा क्रम मोडू नये.

प्रश्न : ज्योतिषांनी सव्वासात रत्तीचा पाचू करंगळीत घालायला सांगितला. दोन दुकानांत सव्वासात रत्ती म्हणून दाखवलेले खडे आकाराने बरेच लहानमोठे होते. फसवणूक कोण करत आहे? (एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : कदाचित कोणीच नाही. आपल्या जुन्या मापात ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला, तर एक गुंज, म्हणजेच कच्ची रत्ती, सुमारे ०.१२१५ ग्रॅम किंवा ०.६१ कॅरटची होते. राशीच्या खड्यांच्या बाजारात मात्र अनेक जण पक्की रत्ती मोजतात आणि ती सुमारे ०.९१ कॅरटची धरतात. त्यामुळे सव्वासात रत्ती एका दुकानात ४.४ कॅरट, तर दुसऱ्यात ६.६ कॅरट भरते. शिवाय मोठ्या खड्याचा दर कॅरटमागेही चढत जातो, त्यामुळे किमतीतली तफावत वजनातल्या तफावतीपेक्षाही मोठी दिसते. रत्ती कोणती हे ज्योतिषांनाच विचारावे आणि खरेदी कॅरटमध्येच करावी. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, यात कच्चे-पक्के काही नाही. ग्रहाच्या परिणामाचा विषय या सदराच्या कक्षेबाहेरचा आहे.

प्रश्न : आजेसासूबाईंची पाचूची अंगठी दुकानात यंत्रात धुवून घेतली. आता खडा फिका दिसतो आणि आत पांढऱ्या रेषा आल्या आहेत. खडा बदलला असेल का? (एक वाचिका, पंचवटी, नाशिक)

उत्तर : बदलला असण्यापेक्षा त्यातले तेल निघून गेले असण्याचीच शक्यता जास्त आहे. अल्ट्रासॉनिक यंत्र, वाफ आणि गरम साबणाचे पाणी भेगांतले तेल बाहेर काढतात, आणि मग आधी लपलेल्या भेगा पांढऱ्या दिसू लागतात. माझ्या आईच्या कुड्यांचे एकदा असेच झाले होते आणि घरात आठवडाभर सोनारावर संशय घेतला जात होता. जाणकाराकडून पुन्हा तेल भरून घेता येते. खडा तोच आहे याची खात्री त्याच वेळी भिंगाखाली करून घ्यावी. पुढे कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ कापडाने पुसणे पुरेसे आहे. पाचूचा कठीणपणा मोह्ज मापावर (खनिजांच्या कठीणपणाचे एक ते दहाचे माप) साडेसात ते आठ असला, तरी भेगांमुळे तो ठोक्याला फुटतो. भांडी घासताना अंगठी काढून ठेवावी.

प्रश्न : दागिन्यावर हॉलमार्क आहे. मग पाचूची वेगळी खात्री कशाला? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) हे सोन्याच्या शुद्धतेचे प्रमाण आहे, खड्याविषयी ते एक अक्षरही सांगत नाहीत. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन आणि खड्याचे वजन वेगवेगळे असावे, अन्यथा खडा सोन्याच्या भावात मोजला जातो. खड्यापुढे नुसते ‘ग्रीन स्टोन’ न लिहिता ‘नैसर्गिक पाचू’, कॅरट आणि तेल किंवा राळ यांचा उल्लेख करून घ्यावा. पुढे वाद झाला आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागले, तर हीच पावती कामी येते. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे.

प्रश्न : आमच्या विहिरीच्या खोदकामात काळ्या दगडाच्या पोकळीत हिरवे, चौकोनी, चकाकणारे स्फटिक सापडले. पाचू असेल का? (एक शेतकरी वाचक, सिन्नर तालुका)

उत्तर : आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, आणि त्यात पाचू तयार होण्याची परिस्थिती नसते, पाचूचा स्फटिकही षट्कोनी असतो. आपले स्फटिक बहुधा हिरवे अॅपोफिलाइट असावेत. त्याचा हिरवेपणा व्हॅनेडियमचा, म्हणजे पाचूच्या नात्यातलाच आहे, पण कठीणपणा साडेचार ते पाच असल्याने चाकूच्या टोकाने त्यावर ओरखडा उमटतो आणि ते सहज पापुद्र्याने फुटते. अंगठीसाठी ते निरुपयोगी असले, तरी खनिजांच्या संग्राहकांना आपल्या भागातले चांगले नमुने हवे असतात. फोडून सुटे न करता, मूळ दगडासकट कापडात गुंडाळून ठेवावेत आणि माळेगाव औद्योगिक वसाहतीतल्या गारगोटी संग्रहालयात जाऊन तिथल्या नमुन्यांशी ताडून पाहावेत.