वाचकांचे प्रश्न : मोटरहोमचे रूप, जुने आणि नवे

प्रश्न : निवृत्तीनंतर अमेरिकेतच मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन फिरण्याचा आमचा विचार आहे. ज्यांच्याकडे मोठे, महागडे कोच (बसएवढी मोटरहोमे) आहेत अशा मालकांशी बोलल्यावर दोन तट दिसले. काहींना अंगभर वळणावळणाचे रंगीत पट्टे असलेला चकचकीत कोच आवडतो. काही जण मात्र सत्तरच्या दशकातील जीएमसी किंवा जुन्या ब्लू बर्ड या कंपन्यांच्या मोटरहोमची आठवण काढून ‘आता तसे डिझाइन होत नाही’ असे म्हणतात. यात तथ्य किती आणि जुन्याची ओढ किती?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : जुन्याची ओढ आहेच, पण तक्रार निराधार नाही. जीएमसीचे मोटरहोम 1973 ते 1978 या काळात तयार झाले आणि त्याच्या सुमारे तेरा हजार गाड्या बाहेर पडल्या. त्याचे रूप आजही डोळ्यांत भरते, कारण ते वरून चढवलेले नाही. ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या मोटारीचे पुढच्या चाकांना ओढ देणारे इंजिन आणि गिअरबॉक्स त्यात वापरल्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा लागला नाही. मागे एकामागे एक अशी लहान चाके हवेच्या फुग्यावर बसवली, त्यामुळे तळ बराच खाली आला आणि आत उभे राहण्याइतकी उंची ठेवूनही गाडी बाहेरून ठेंगणी राहिली. अॅल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर अॅल्युमिनियमचे आणि फायबरग्लासचे पत्रे, पुढे मोठी काच आणि कडेला लांबलचक खिडक्या असे हे वाहन होते. म्हणजे आपण ज्याला ‘देखणेपणा’ म्हणतो तो इथे यंत्ररचनेतून आला. पुढे सुट्ट्या चासिसवर (इंजिन आणि चाकांच्या तयार सांगाड्यावर) पेटीसारखे घर बांधणे स्वस्त आणि सोयीचे ठरले, आणि बहुतेक कारखान्यांच्या मोटरहोमना हा गुण पुन्हा लाभला नाही.

ब्लू बर्डच्या वाँडरलॉज या मोटरहोमची गोष्ट वेगळी आहे. जॉर्जिया राज्यातील फोर्ट व्हॅलीत शाळेच्या बस बांधणाऱ्या कंपनीने साठच्या दशकात ती सुरू केली. तिची बॉडी पोलादी आणि रिव्हेट मारलेली आहे, कोपरे सरळ आहेत आणि एकूण चेहरा काहीसा कडकच आहे. तिचे चाहते याच कडकपणाचे कौतुक करतात. मला ती सुंदर वाटत नाही, प्रामाणिक वाटते. आणि तीस वर्षांनी प्रामाणिक वस्तू कमी जुनी दिसते, असे माझे निरीक्षण आहे.

आता पट्ट्यांबद्दल. पंचेचाळीस फुटी कोचची एक बाजू म्हणजे जवळजवळ चौदा मीटर लांब, सपाट आणि उंच भिंत असते. ती एका रंगात ठेवली तर मालवाहू गाडीसारखी दिसते, म्हणून रंगांची वळणे घालून तिचा जडपणा मोडण्याचा प्रयत्न होतो. हे कारण मी मान्य करतो. आधी हे पट्टे व्हिनाइलच्या चिकटपट्ट्यांचे असत आणि ऊन लागून तडकत. नंतर अंगभर रंग देऊन त्यावर क्लिअरकोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, चढवण्याची पद्धत रूढ झाली. परंतु ही वळणे फॅशनच्या मागे धावतात, आणि म्हणूनच कोच कोणत्या काळातला आहे हे पाहताक्षणी कळते. शिवाय खरचटल्यास चार-पाच रंगांची नक्षी जुळवून पुन्हा रंगवावी लागते, त्याचा खर्च एकरंगी पत्र्याच्या कितीतरी पट होतो. जुन्या बसनी हीच अडचण साध्या उपायाने सोडवली होती : खालच्या अर्ध्या भागात पन्हळी स्टेनलेस स्टीलचा पत्रा आणि वर खिडक्यांची आडवी रेघ. डिझायनर रेमंड लोवी यांच्या डिझाइनवर आधारित, 1954 पासून धावलेल्या ग्रेहाउंड या बस कंपनीच्या सीनिक्रूझर बसमध्ये मागच्या बाजूचा मजला उंचावून लांबी आणखी मोडली आहे. अशा निवृत्त बसची मोटरहोमे करणारे मालक आजही आहेत, आणि त्यांना पट्ट्यांची गरज भासत नाही.

मधला मार्ग हवा असल्यास प्रेव्होस्टचे कोच पाहावेत. क्वेबेकमधील या कंपनीची सुरुवात 1924 मध्ये युजीन प्रेव्होस्ट या सुताराने केली. ती प्रवासी बसची बॉडी पुरवते आणि आतले घर मॅरेथॉन किंवा लिबर्टीसारखे कारखाने बांधतात. बॉडीचे रूप वर्षानुवर्षे फारसे बदलत नाही, त्यामुळे साधा रंग असलेला दहा वर्षांचा कोचही नव्याच्या शेजारी अवघडत नाही. ओक्लाहोमातील नेवेल मात्र चासिसपासून सारे स्वतः बांधते, आणि तिने बाह्यरूपासाठी पोर्श घराण्याच्या डिझाइन स्टुडिओची मदत घेतली आहे. नेवेलच्या रेषा संयत आहेत, किंमत मात्र मुळीच संयत नाही.

प्रश्न : स्लाइड-आउट (मुक्कामात बाहेर सरकवता येणारी बाजू) हवे की नको? जुने मालक म्हणतात, स्लाइड-आउटमुळे कोचची रेषा बिघडते.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : बिघडते, हे खरे आहे. न्यूमार या मोटरहोम कंपनीने 1990 मध्ये बाजू बाहेर सरकवण्याची सोय आणली आणि काही वर्षांत सर्वांनी ती उचलली. कडेला मोठी चौकट कापल्यावर खिडक्यांची सलग रांग तुटते, सांध्याचे रबर दिसते, आणि पट्ट्यांची नक्षी त्या चौकटीला चकवत पुढे न्यावी लागते, वजनही वाढते. ज्या बसची बॉडीच भार पेलते, तिला कापताना आतून बळकटी द्यावी लागते. रबर म्हातारे झाले की पाणी शिरते, हा खर्च जुन्या कोचमध्ये हमखास येतो. तरीही मुक्कामात दोन-तीन फूट रुंदी मिळाल्यावर ती सोडवत नाही. एका जागी महिनोन्‌महिने राहणार असाल तर स्लाइड-आउट घ्या. रोज नवा रस्ता धरणार असाल तर त्याशिवायचा कोच अधिक देखणा आणि कमी कटकटीचा. न्यू जर्सीच्या पावसापाण्यात रबर आणि छताचे सांधे दरवर्षी तपासायलाच हवेत.

प्रश्न : एअरस्ट्रीम कंपनीचे जुने, अॅल्युमिनियमचे मोटरहोम मिळत आहे. त्याची चकाकी गेली आहे. पुन्हा आरशासारखी करावी का?
– एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : आधी पत्र्यावर क्लिअरकोट शिल्लक आहे का ते पाहा. तो सोलटत असेल तर वरूनच पॉलिश करून उपयोग नाही. तो पूर्ण काढावा लागेल. या पत्र्याच्या मिश्रधातूवर शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो आणि घासताना तोच झिजतो, म्हणून यंत्र जपून, हलक्या हाताने फिरवावे. आरशासारखी चकाकी टिकवण्यासाठी पॉलिश वारंवार करावे लागते. तेवढी हौस नसेल तर कारागिराकडून साधी तुकतुकी आणून त्यावर नवा क्लिअरकोट देणे बरे. रिव्हेटच्या कडेला दोऱ्यासारख्या गंजरेघा असतील तर किंमत ठरवताना त्या मालकाला दाखवा.