परवाना विसरा, २४ जून लक्षात ठेवा

प्रश्न: नगरपरिषद हद्दीत १,८०० चौरस फुटांचं दुमजली घर १,७०० रुपये दराने, मटेरियलसह बांधायला दिलं. करार केला नाही, ठेकेदाराने वहीच्या पानावर दर लिहून सही केली तेवढीच. आतापर्यंत २१ लाख ५० हजार दिले. १५ लाख बँकेतून, बाकी रोख. वरचा स्लॅब ११ एप्रिल २०२४ रोजी टाकला आणि सहाव्या दिवशी टेकू काढले. पहिल्याच पावसात हॉलचा (१६ बाय २० फूट) स्लॅब गळू लागला, मधोमध झोल दिसतो. ठेकेदार २४ जून २०२४ रोजी शेवटचा साइटवर आला. ऑक्टोबरमध्ये ‘दिवाळीनंतर करून देतो’ असा मेसेज आला, मग तोही बंद. यंदा जानेवारीत वकिलाची नोटीस पाठवली, उत्तर नाही. आता कळतंय की त्याच्याकडे परवानाच नाही. परवाना नसलेल्याला दिलेले सगळे पैसे परत मिळतात, असा एक व्हिडिओ भाच्याने कॅलिफोर्नियाहून पाठवलाय. नगरपरिषदेला सांगून त्याला काळ्या यादीत टाकता येईल का?

उत्तर: परवान्याचं आधी मिटवून टाकू, कारण अशी पत्रं सारखी येतात आणि बहुतेकांची गाडी याच जागी अडते. महाराष्ट्रात तुमच्या प्लॉटवर तुमचं घर बांधणाऱ्या खासगी ठेकेदाराला नगरपरिषद परवाना देत नाही. मुळात असा परवानाच नाही, तेव्हा तो नसल्याचा गुन्हाही नाही आणि त्यामुळे तुमचा व्यवहार रद्दही होत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाकडची नोंदणी सरकारी निविदा भरण्यासाठी असते आणि काळी यादीही त्याच कामांपुरती. जीएसटी क्रमांक करापुरता. अपवाद विजेच्या कामाचा: वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावं लागतं आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट महावितरण मागतं.

भाच्याचा व्हिडिओ खोटा नाही. कॅलिफोर्नियाच्या बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडमधलं कलम ७०३१ खरंच तसं आहे: परवाना नसलेल्या ठेकेदाराला बिलासाठी कोर्टात जाता येत नाही, उलट मालक दिलेले पैसे परत मागू शकतो. पण ते कलम तिथलं. आपल्याकडे ते नाही. रेराही (बिल्डरांसाठीचा स्थावर संपदा कायदा) नाही, तुमचा ठेकेदार प्रवर्तक म्हणजे बिल्डर नाही आणि तुम्ही त्याच्याकडून घर विकत घेतलेलं नाही.

आता कामाचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ६९ प्रमाणे वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागते. घरबांधणी ही त्या कायद्यात ‘सेवा’ आहे, कलम २(४२)मध्ये तसा थेट उल्लेख आहे, तेव्हा तुम्ही ग्राहक आहात याबद्दल फारसा वाद होणार नाही. वाद होईल तो तारखेवर. २४ जून २०२४ पासून मोजलं तर शेवटचा दिवस २४ जून २०२६. तुमचं पत्र मेच्या मध्यावर आलंय, म्हणजे हातात पाच-सहा आठवडे. आणि जानेवारीत नोटीस देऊन तुम्ही उत्तराची वाट बघत बसलात! नोटिशीने मुदत थांबत नाही आणि वाढतही नाही. फोन केले, घरी चकरा मारल्या, मध्यस्थ घातले, त्यानेही नाही. नोटिशीतले पंधरा दिवस संपले त्याच आठवड्यात तक्रार टाकायला हवी होती.

एवढ्यावर भागत नाही. ठेकेदाराचा वकील २४ जूनपासून मोजणारच नाही. तो म्हणेल, दोष स्लॅबमध्ये आहे आणि स्लॅब ११ एप्रिलचा. मुदत केव्हाच संपली. तुमच्या बाजूने म्हणता येईल की गळती पावसात दिसली, त्याआधी कळायला मार्ग नव्हता, आणि काम अर्धवट टाकून तो २४ जूनला गेला. ऑक्टोबरच्या मेसेजपासून नवी मुदत सुरू होते, असंही मांडता येईल, पण त्यावर घर बांधू नका. काही वकील ‘कारण रोज नव्याने घडतंय’ असं सर्रास लिहितात. बिल्डरने फ्लॅटचा ताबाच दिला नाही तर कोर्टांनी ते मान्य केलंय. इथे जमीन तुमची, ताबा तुमचाच; तेव्हा ते कितपत टिकेल सांगता येत नाही. म्हणून दोन गोष्टी करा. तक्रार १० जूनच्या आत दाखल करा आणि तिच्यासोबतच कलम ६९(२) खाली विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडा: ‘मुदत संपलेली नाही, संपली असं आयोगाला वाटलंच तर या कारणांसाठी विलंब माफ करावा.’ कारणं तारखांसकट लिहा. मेसेजची तारीख, चकरांच्या तारखा, नोटिशीची तारीख. ‘ठेकेदारावर विश्वास ठेवला’ एवढ्या एका वाक्यावर माफी मिळत नाही.

दिवाणी दाव्याला करारभंगाच्या भरपाईसाठी तीन वर्षं आहेत, म्हणजे तो दरवाजा अजून उघडा आहे. पण कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर भरावी लागते आणि दिवाणी कोर्टाचा वेग तुम्हाला माहीत असेलच. आयोगात मात्र फी किरकोळ: दिलेली रक्कम २० ते ५० लाखांच्या दरम्यान असल्याने १,००० रुपये, आणि जिल्हा आयोगच पुरे, कारण ५० लाखांपर्यंतचा अधिकार त्याच्याकडे आहे. ठेकेदार कुठेही राहो, तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते, त्यामुळे कोर्टाची सुटी हे कारण सांगू नका. त्रुटी निघतात आणि त्या दूर करण्यात आठवडा जातो, म्हणूनच १० जून म्हटलं, २४ नव्हे.

तक्रारीआधी स्लॅबला हात लावू नका. पावसाच्या धास्तीने लोक आधी वॉटरप्रूफिंगचा कोट मारून घेतात आणि पुरावा स्वतःच्या हाताने झाकतात. गळती थांबवायची तर वरून ताडपत्री घाला. क्रम असा ठेवा: ठेकेदाराला सात दिवसांची लेखी सूचना द्या, की अमुक दिवशी अमुक वाजता परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर पाहणी व मोजमाप करणार आहे, हजर राहावं. ती स्पीड पोस्टने पोच घेऊन पाठवा आणि व्हॉट्सॲपवरही टाका. तो येणार नाही. पण नंतर ‘माझ्या पाठीमागे रिपोर्ट केला’ असं म्हणायला त्याला जागा उरत नाही.

इंजिनिअरकडून काय हवं ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक रिपोर्ट इथेच फसतात. लोक फक्त कोअर (यंत्राने कापलेला काँक्रीटचा गोल नमुना) काढून ताकद तपासतात. आयएस ४५६ या काँक्रीट कामाच्या भारतीय मानकाप्रमाणे (कोडप्रमाणे) किमान तीन कोअर लागतात. त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. एम२० (ठरलेली ताकद २०) काँक्रीट असेल तर हे आकडे १७ आणि १५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. पण दोन वर्षांनी काढलेला कोअर कदाचित पासही होईल! काँक्रीट पुढे ताकद धरतं. सहाव्या दिवशी टेकू काढल्याने आलेला झोल आणि पडलेल्या भेगा मात्र राहतात. पास झालेला कोअर हातात धरून ठेकेदार सुटू पाहील. म्हणून झोल लेव्हल लावून मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. आयएस ४५६ची एकूण झोलाची ढोबळ मर्यादा स्पॅनचा (दोन आधारांमधल्या अंतराचा) २५०वा भाग आहे. तुमचा हॉल १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर, तेव्हा साधारण साडेएकोणीस मिलिमीटर. त्याच कोडमध्ये साडेचार मीटरवरच्या स्पॅनच्या स्लॅबचे टेकू किमान १४ दिवस ठेवायला सांगितलंय. सहा आणि चौदा, हे दोन आकडे तक्रारीच्या पहिल्याच पानावर यायला हवेत. शिवाय कव्हर मीटरने सळईचं अंतर आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, तपासा (स्लॅबला २० मिलिमीटर), खालून दिसणाऱ्या भेगा आणि पांढऱ्या खाराचे चट्टे यांचे फोटो मोजपट्टी धरून काढा. नेमका दोष कशामुळे आला हे इंजिनिअरनेच लिहायचं. तुम्ही किंवा मी नाही. शेवटी दुरुस्तीचा आणि अर्धवट कामाचा अंदाज सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे, मापासकट घ्या.

एक बरं झालं, ठेका मटेरियलसह होता. नुसता मजुरीचा ठेका असता तर ‘सिमेंट-सळई मालकाने आणली’ म्हणून तो मोकळा झाला असता. ते वहीचं पान जपा. लॅमिनेशन करू नका, मूळ सही दिसायला हवी.

टेकू सहाव्या दिवशी काढले हे सिद्ध कशाने करणार? त्या दिवसांचे फोनमधले फोटो आणि ठेकेदाराशी झालेलं चॅट, याच दोन गोष्टी आहेत. नुसते प्रिंट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे प्रमाणपत्र लागतं: भाग ‘अ’ तुमचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, त्यात फोनचं मॉडेल, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक). ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेला नसतो, तरीही द्या. आणि तो फोन विकू नका, बदलायला देऊ नका.

रोख साडेसहा लाख लपवू नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला तेव्हाच्या आयकर कायद्यात बंदी होती आणि दंड घेणाऱ्याला होता, देणाऱ्याला नाही. तो ‘मिळालेच नाहीत’ म्हणेल. तुमच्या खात्यातून त्याच तारखांना काढलेली रक्कम दाखवता आली तर काही हाती लागेल. नाही तर ही रक्कम सिद्ध होणं कठीण आहे.

आता नगरपरिषद. परवाना ज्याच्याकडे असतो तो माणूस वेगळा: तुमच्या बांधकाम परवानगीच्या अर्जावर सही करणारा आर्किटेक्ट, इंजिनिअर किंवा सुपरवायझर. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत त्याच्या जबाबदाऱ्या दिल्या आहेत. नकाशा पास करून तो परत साइटवर फिरकला नसेल तर त्याच्या परवान्याबद्दल तक्रार होऊ शकते. त्यासाठी परवानगीच्या फाइलची नक्कल माहिती अधिकारात आजच मागा. दहा रुपये आणि तीस दिवस लागतात. देखरेखीची फी त्याने घेतली असेल तर त्यालाही सामनेवाला (तक्रारीतला विरुद्ध पक्ष) करता येईल, फक्त नकाशाची घेतली असेल तर जरा विचार करा. पण पूर्णत्वाच्या दाखल्याला सही त्याचीच लागते, नाही तर दुसरा तज्ज्ञ नेमून नगरपरिषदेला कळवावं लागतं. शिवाय तक्रार केलीत की नगरपरिषदेचा माणूस टेप घेऊन तुमच्याच घरी येईल. बाल्कनी किंवा जिना मंजूर नकाशाबाहेर गेला असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम ५३ची नोटीस ठेकेदाराला नाही, तुम्हाला येईल. आधी स्वतःचा नकाशा आणि घर ताडून बघा.

पोलिसांत जाऊन या पाच आठवड्यांतला एकही वाया घालवू नका. प्रकार १ जुलै २०२४ च्या, म्हणजे नवी न्याय संहिता लागू होण्याच्या आधीचा, तेव्हा लागू होईल ते दंड संहितेचं जुनं ४२० (फसवणुकीचं) कलम, आणि ‘दिवाणी स्वरूपाचा वाद’ असं लेखी उत्तर मिळण्याची शक्यताच जास्त. तो अर्ज नंतरही देता येईल.

किती वेळ लागेल? कायदा म्हणतो तीन महिने, चाचणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्षं लागतात. तरी ठेकेदाराला जबाब द्यायला ३० अधिक १५ अशी कमाल ४५ दिवसांचीच मुदत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ती ताणता येणार नाही असं ठरवलंय. ४६व्या दिवशी त्याचा जबाब नसेल तर जबाबाशिवाय पुढे जाण्याचा अर्ज त्याच तारखेला द्या. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि तो अपिलात गेला तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. रक्कम मागताना दुरुस्ती, अर्धवट कामाचा फरक आणि भाडं एवढंच मागा. मनस्तापाचे वीस लाख लिहिलेत तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

हॉलखाली टेकू मात्र आजच लावून घ्या, इंजिनिअर सांगेल तिथे. लावण्याआधी फोटो, लावल्यावर फोटो. आणि त्या स्लॅबवर पाण्याची टाकी ठेवलेली असेल तर रिकामी करा.