युरियाच्या गोण्या वाढवल्या तरी ऊस पिवळाच का?

प्रश्न : नमस्कार सर, मी मोहोळ तालुक्यातला. दोन एकर सुरू, म्हणजे हिवाळ्यात लावलेला ऊस आहे, तीन महिन्यांचा झालाय, रान काळं पण चुनखडीचं. लागणीला एकरी एक गोणी डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) दिलं होतं. मागच्या महिन्यात वापशावर, म्हणजे रानात चालण्यापुरती ओल असताना, एकरी तीन गोण्या युरिया वरनं फेकला, कॅनॉलची पाळी यायला आठवडा लागला, मग मोकाट पाणी सोडलं. आठ-दहा दिवस ऊस हिरवागार दिसला आणि आता परत पिवळा. शेजारचे म्हणतात अजून दोन गोण्या मार. मारू का?

उत्तर : नका मारू दादा. आधी रानात जाऊन पान बघा. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र, म्हणजे नायट्रोजन कमी पडलंय, पण वरची कोवळी पानं पिवळी-पांढरी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसत असेल तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात हे हमखास होतं आणि तिथं युरिया कितीही ओतला तरी उपयोग नाही, फेरस सल्फेटची फवारणी घ्यावी लागते.

आता तुमच्या तीन गोण्या गेल्या कुठं? घरी एका काचेच्या बरणीत रानातली ओली माती घ्या, वरनं चमचाभर युरिया टाका, झाकण घट्ट लावून दोन-तीन दिवस ठेवा आणि मग उघडा, नाकाला झोंबेल असा वास येईल. तो अमोनिया, म्हणजे तुमचं नत्रच. ओल्या चुनखडीच्या मातीवर युरिया उघडा पडला की असाच उडतो, आणि तुमच्याकडं तर तो आठवडाभर ऊन खात पडला होता. निमकोटेड आहे म्हणून उडत नाही असं बरेच जण समजतात, पण निंबोळीच्या तेलानं अमोनियाचं नायट्रेट व्हायला वेळ लागतो एवढंच, उडणं थांबत नाही. उरलेल्याचं जे नायट्रेट झालं ते मोकाट पाण्याबरोबर मुळांच्या खाली गेलं.

हिशोब सोपा आहे. सुरू उसाला शिफारस हेक्टरी 250 किलो नत्राची, म्हणजे एकरी 100 किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्क्यांनी नत्र येतं 20.7 किलो, म्हणजे सगळ्या हंगामाला एकरी पाचच्या आसपास गोण्या. त्यातलं 10 टक्के लागणीला, 40 टक्के सहा ते आठ आठवड्यांनी, 10 टक्के बारा ते सोळा आठवड्यांनी आणि उरलेलं 40 टक्के मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाच्या बुडाला माती चढवताना. डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत 9 किलो नत्र असतं, त्यामुळं लागणीचा हप्ता तुमचा तिथंच भागला, आणि दुसऱ्या हप्त्याला दोन गोण्या पुरत होत्या तिथं तुम्ही तीन दिल्यात. आता नत्रच कमी असेल तर एकरी अर्धी गोणी द्या, पण पाळीचा दिवस नक्की कळल्यावर, आदल्या दिवशी, बुडख्याच्या बाजूला पहारीनं चार बोटं खोल भोक पाडून टाका आणि वर माती ओढा. मजूर लागतात, कबूल, पण उडून जाणाऱ्या गोणीचे पैसे पण तुमचेच आहेत ना. पाणी हलकं द्या, सरी तुडुंब भरू नका. बांधणीला डीएपीची अजून एक गोणी टाकणार असाल तर युरिया दोनऐवजी दीडच गोणी घ्या. बांधणीनंतर मात्र युरिया बंदच, नाहीतर ऊस लोळतो आणि रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा घसरतो.

प्रश्न : मंगळवेढ्यात कोरडवाहू मालदांडी ज्वारी करते. पेरणीनंतर महिन्यानं युरिया टाकला तर चालेल का? रान भारी आहे.

उत्तर : कोरडवाहूत नको ताई. थंडीत पाऊस नाही, वरची माती सुकलेली, टाकलेलं खत मुळापर्यंत पोचायलाच ओल नसते. भारी रानाला एकरी 24 किलो नत्र, म्हणजे एक गोणी आणि वर सात-आठ किलो युरिया, सगळा पेरतानाच दोन चाड्याच्या पाभरीनं (पेरणीचं अवजार, चाडं म्हणजे त्यात बी सोडायचं तोंड) द्या, एका चाड्यात बी आणि एका चाड्यात खत. बी आणि युरिया एकाच चाड्यात मिसळू नका, उगवण मार खाते.