आरटीशिवायची नळी लावली होती का?

ताई, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोपच उडाली. परभणीत एम.एस्सी.चा प्रकल्प, उपटलेल्या केसांच्या मुळांतून काढलेला आरएनए, जेलवर (जिथं तुकडे लांबीनुसार वेगळे होतात) ओआर२एटी४ या वासग्राहीच्या, म्हणजे वास ओळखणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकाचा स्वच्छ बँड, आणि परीक्षक म्हणतात 'पटत नाही'. २०१९ साली लातुरात मी याच जागी उभा होतो. केसांची मुळंही हीच, जनुकही हेच.

वासाचे ग्राही नाकाबाहेर असतात, यावर तुम्हाला भांडायची गरज नाही. सस्तन प्राण्यांच्या वृषणात ते १९९२ साली सापडले, माणसाच्या शुक्राणूंत २००३ साली, आणि तुमचा हा ग्राही २०१४ साली त्वचेत, २०१८ साली केसांच्या मुळांत. बँड खरा असू शकतो. पण तो आरएनएचा (म्हणजे जनुक तिथं खरंच चालू असल्याचा) आहे की सोबत आलेल्या डीएनएचा, हे तुमच्या फोटोवरून कळत नाही. आरटी म्हणजे आरएनएची डीएनए प्रत बनवणारं एन्झाइम; ते न घालता लावलेल्या नळीतही बँड आला, तर तो डीएनएचाच.

मी इथंच बुडालो. एरवी प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे छोटे तुकडे) इंट्रॉनच्या, म्हणजे आरएनएतून कापल्या जाणाऱ्या भागाच्या, दोन बाजूंना बसवले की डीएनएपासून आलेला तुकडा लांब येतो आणि लगेच ओळखू येतो. वासग्राहींच्या जनुकांत प्रथिनाचा मजकूर बहुधा एकाच सलग एक्झॉनमध्ये (आरएनएत उरणाऱ्या भागात) असतो, मध्ये इंट्रॉन नसतो. दोन्ही तुकडे एकाच मापाचे! मी आरटीशिवायची नळी लावलीच नाही. वर शंका नको म्हणून पदरचे पैसे घालून सिक्वेन्सिंग केलं. क्रम शंभर टक्के जुळला आणि मी हरखून गेलो. अहो, जुळणारच ना, डीएनएतही तोच क्रम आहे. तुम्हाला पोस्टखाली दोघातिघांनी सिक्वेन्सिंगचा सल्ला दिलाय. कृपा करून त्यावर पैसे घालवू नका. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी एकच प्रश्न विचारला, जो मी वर शीर्षकात लिहिलाय. परत येऊन ती नळी लावली तर बँड तसाच. आठ महिने गेले.

डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) का वापरलं नाही? मागणीपत्रात लिहिलं होतं. खरेदी विभागानं 'एक एन्झाइम घेतलंय, दुसरं कशाला' म्हणून ती ओळच खोडली. आरटी आणि डीएनेज यांची कामं वेगळी, हे समजावायला तीन चकरा मारल्या, साहेब जागेवर नाहीत. आजही आठवलं की डोकं तापतं. तुमची ओळ खोडली तर गाईडकडून लेखी टीप जोडून घ्या, तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका.

डीएनेज दिल्यावर ईडीटीए (मॅग्नेशियम बांधून ठेवणारं रसायन) घालूनच तापवा, नाहीतर मॅग्नेशियममुळे आरएनएच तुटतो. काही वासग्राहींच्या जनुकांना मजकुराच्या अलीकडे एक वेगळा एक्झॉन असतो. तुमच्या जनुकात तो नोंदलेला असेल तर एक प्रायमर तिथं बसवा, अर्धी कटकट मिटेल. ग्राहीच्या प्रथिनाला चिकटून ते दाखवणारी अँटिबॉडी घेऊ नका, असं माझं ठाम मत. माणसात असे चारेकशे ग्राही, एकमेकांसारखे; अँटिबॉडी भलतीकडेच चिकटते. आणि मे महिन्यात लाइट जाते तेव्हा आरएनए पाण्यात ठेवू नका, इथेनॉलमध्ये अवक्षेप करून फ्रीजरमध्ये ठेवा.

खाली कुणीतरी केसांना चंदन उगाळून लावायला सांगितलंय. २०१८चा तो प्रयोग सँडलोर नावाचा, चंदनासारखा वास असलेला कृत्रिम रेणू वापरून, प्रयोगशाळेत जपलेल्या केसांच्या मुळांवर केला होता. सहाणेवरच्या चंदनाशी त्याची सांगड घालू नका.

मी आता ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, लॅब सुटून काळ झाला. किटची नवी माहिती गाईडलाच विचारा, त्यांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वरचा. पण जुना आरएनए थोडा जरी उरला असेल तर उद्याच आरटीशिवायची एक नळी लावा आणि जेलचा फोटो इथं टाका. रिकामी आली तर परीक्षकांना काय दाखवायचं ते मी सविस्तर लिहितो.